पांढरा पडलेला नकाशा

२५ जानेवारी २०२४, दुपारचे तीन. दुसऱ्या दिवशी माण तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभा होती आणि पाणलोटाचा मोठा नकाशा संध्याकाळपर्यंत छापायला टाकायचा होता. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या वर्षीची फाइल उघडली. समतल चर, माती नालाबांध, पाझर तलाव, सगळे थर जागच्या जागी. खाली मात्र पांढरंफटक. डोंगरच नाहीत!

फाइल उघडताना कसलाही इशारा आला नव्हता. बेसमॅपच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या पार्श्वभूमीच्या नकाशाच्या, थरात नुसता नेटवरचा पत्ता साठवलेला असतो, चित्राचे तुकडे ऐनवेळी नेटवरून येतात. सॉफ्टवेअरची नोंदवही, लॉग, उघडला तेव्हा एकेका टाइलची, म्हणजे चित्राच्या तुकड्याची, विनंती फसल्याच्या ओळीच ओळी दिसल्या. आमच्या थरांखाली होता तो स्टेमेन या नकाशे बनवणाऱ्या कंपनीचा टेरेन, म्हणजे चढउतार दाखवणारा, नकाशा. त्यांनी तो वर्षानुवर्षं जगाला फुकट पुरवला आणि ३१ ऑक्टोबर २०२३ पासून ते काम स्टेडिया मॅप्स या दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं. सूचना आधीच दिली होती. ती वाचायची राहिली, ती आमच्याकडून.

नवा पत्ता घालणं दहा मिनिटांचं काम होतं. खातं काढायचं, त्या खात्याची ‘की’ (खासगी किल्ली) घ्यायची, पत्त्याच्या शेवटी जोडायची. पण ही फाइल आम्ही तालुक्यातल्या पाच-सहा जणांना पाठवतो, म्हणजे आमची ‘की’ सगळीकडे फिरणार. शिवाय त्या गावात मोबाइलला रेंज नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाचा साधा बेसमॅप लावून पाहिला. रस्ते आले, पण चढउतार नाही. ज्यांना ‘माथा ते पायथा’ समजावून सांगायचंय, त्यांच्यापुढे सपाट कागद कसा ठेवायचा?

मग ठरवलं, डोंगर आपणच काढू. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारने अकरा दिवसांत मोजलेली उंची, एसआरटीएम, कोणालाही मोफत मिळते. साधारण तीस मीटरला एक चौकोन. त्यावर हिलशेड, म्हणजे डोंगरांना उजेड-सावली देणारं साधन, चालवलं तर काळ्यापांढऱ्या ओरखड्यांचा कोळसा झाला. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, दुसरं काय होणार! उंचीच्या चौकोनांचं ते रास्टर यूटीएम झोन ४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून घेतलं, उंची दुप्पट ठळक केली आणि पुन्हा चालवलं. उजेड वायव्येकडून पडला आणि टेकड्यांच्या सोंडा एकामागून एक उभ्या राहिल्या. पाच वर्षं हे काम करतोय, पण त्या क्षणी अंगावर काटा आला. दहा मीटरच्या समोच्च रेषा काढल्या, ओढे आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅपमधून उतरवून घेतले, त्यांचं श्रेय कोपऱ्यात लिहिलं. सगळं एका फोल्डरमध्ये, नेटशिवाय उघडणारं. छपाईवाल्याने आमच्यासाठी साडेआठपर्यंत दुकान उघडं ठेवलं.

सकाळी शाळेच्या भिंतीवर नकाशा लावला. एक मेंढपाळ आजोबा बराच वेळ त्याच्यापुढे उभे होते. मग एका सोंडेवर बोट ठेवून म्हणाले, “ही म्हसोबाची टेकडी न्हवं का? मग हितनं खाली वगळ हाय, ती कुटं गेली?”

ती वगळ, म्हणजे पाण्याची घळ, आमच्या डेटात नव्हतीच. त्यांच्याच हातात निळं पेन दिलं. त्यांनी काढलेली रेघ थेट आम्ही आखलेल्या बांधाच्या वरच्या अंगाला येऊन मिळाली.