दादांची काळी एक

मंगळवार, रात्र

बंड्यानं जेवताना सहज विचारलं, "आत्ती, आजोबा बोलायचे कसे?" बोलून दाखवायला तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. घास तसाच हातात.

वाक्यं आठवतात की. "चपला आत घे गं", "तव्यावरची भाकरी आण", शब्द न् शब्द. पण ती आता माझ्याच आवाजात ऐकू येतात. दादांचा, माझ्या वडिलांचा, आवाज कधी गेला? जाताना मला कळलं कसं नाही? दादा गेले तेव्हा सगळे रडलो, आवाजासाठी कुणीच रडलं नाही. त्यांच्या आवाजाची कॅसेट होती, ती कुणी पुसली, ते आता काढायचं नाही.

मग भांडी घासताना भैरवी आपोआप गळ्यात आली. दाढी करताना ते गुणगुणायचे तीच, कोमल रिषभावर तसंच रेंगाळत. हात पुसून पेटी काढली, सूर लावून बघितला. काळी एक! पेटीवरची पहिली काळी पट्टी, दादांचा सा. माझी पट्टी काळी चार. मी माझ्या सुरात गातच नव्हते.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत का, म्हणून वाचत बसले. 1994 साली संशोधक डॅनियल लेव्हिटिन यांनी विद्यार्थ्यांना आवडती गाणी नुसती आठवून म्हणायला लावली होती. दोन गाण्यांपैकी एक तरी मूळ ध्वनिमुद्रणाच्या नेमक्या सुरात म्हणणारे 40 टक्के निघाले. म्हणजे चालीबरोबर पट्टीसुद्धा डोक्यात राहते. मग बोलणं का नाही राहत? एवढी वर्षं ऐकलेलं बोलणं?

क्लाइव्ह वेअरिंग यांच्याबद्दलही वाचलं. इंग्लंडमधले संगीतकार. 1985 मध्ये मेंदूला विषाणूचा संसर्ग झाला आणि नवी आठवण धरून ठेवणारा हिप्पोकॅम्पस निकामी झाला. आत्ताच जागा झालो, आत्ताच खरा जागा झालो, असं ते रोजनिशीत पुन्हा पुन्हा लिहायचे आणि आधीचं खोडायचे. पण पियानोवर बसले की बोटं चुकत नसत. सवयीनं अंगात मुरलेलं मेंदूत दुसरीकडे असतं, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूत. घटनांच्या आठवणी गेल्या तरी ते टिकू शकतं.

इथं मी थांबले. दादांची भैरवी मी नुसती ऐकली नव्हती. दप्तर भरताना त्यांच्यामागून म्हटली होती, रोज, कुणी न सांगता. माझा गळा तिच्यावरून शेकडो वेळा गेला. त्यांचं बोलणं मात्र मी कधी म्हटलं नाही. ऐकलं, उत्तर दिलं, बऱ्याचदा तेही नाही. बापाचं बोलणं कोण घोकतं?

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 पासून व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवर सूर्यमालेबाहेर निघालीय, हे दादा येईल त्या पाहुण्याला सांगायचे. "आपल्या अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या!" आपल्या म्हणजे कोल्हापूरच्या, शाहू महाराजांच्या दरबारातल्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. चढायचा हे माहीत आहे, कसा ते नाही. आत्तासुद्धा लिहिता लिहिता दोनदा कान लावून बघितला.

पण एक आहे. उद्या कुणी त्यांची ध्वनिफीत आणून लावली तर पहिल्या शब्दाला ओळखीन, याची मला खात्री आहे. समोर आल्यावर ओळखणं सोपं, आपलं आपण आठवणं अवघड. परीक्षेतसुद्धा तसंच असतं. म्हणजे आवाज पुसला गेला नसेल, मला काढता येत नसेल एवढंच. यावर आज झोप येईल असं वाटतंय.

आईला विचारलं तर म्हणाली, "कसे म्हणजे? मोठ्यानं." आणि कूस बदलली.

बंड्याला उद्या काळी एक दाखवणार आहे. बोलणं नाही तर नाही, आजोबांचा सा तरी त्याला माझ्याकडून मिळेल. आणि आईचं बोलणं मोबाइलवर धरून ठेवायचंय. मोबाइल समोर धरला की ती गप्प होते, म्हणून तो फळीवर ठेवून तिला चटणीचं प्रमाण विचारते. मिरच्या कुठल्या घ्यायच्या, लसूण किती, डंकावर कुणाकडून कुटून आणायची, यावर ती तासभर बोलेल.