तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलगरीत बाग कशाला?

इथे कॅनडात गणपतीचं जेवण असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो की श्रीवर्धनहून आलेला फोन, प्रश्न ठरलेला: ‘चार महिन्यांच्या उन्हाळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? दुकानात सगळं मिळतं की!’ मिळतं. मेथी मिळते, कोथिंबीर मिळते, फ्रीजरमध्ये वालपापडीची पाकिटं असतात. म्हणजे तुमचं अर्धं म्हणणं मला आधीच मान्य आहे.

उरलेलं अर्धं मान्य नाही. मी थंडीशी भांडायला बाग करते असं तुम्ही धरून चालता. ऑक्टोबरात लावलेल्या लसणाला थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत. हॅस्कॅप या निळ्या आंबटगोड फळांची झुडपं उणे चाळीस सोसतात आणि त्यांची फुलं उणे सातातही तगतात. सस्कॅचेवान विद्यापीठाने 1999 मध्ये ‘कार्माइन ज्युवेल’ ही बुटकी आंबट चेरी काढली, ती इथल्याच हवेसाठी. इथे जास्त नडतो तो चिनूक. ऐन जानेवारीत हा कोरडा गरम वारा डोंगरावरून उतरतो, काही तासांत पारा वीस अंशांनी चढतो, झाडांवरचं बर्फाचं पांघरूण निघून जातं आणि मग पुन्हा कडाका पडतो. त्यासाठी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालायचं आणि ते वसंतात घाईने काढायचं नाही. हे सगळं शिकता येतं. विल्यम रीडर 1913 ते 1942 या काळात कॅलगरीचे उद्यान अधीक्षक होते. त्यांनी युनियन सिमेटरी या दफनभूमीच्या उतारावर हजारो जातींची झाडं लावून पाहिली, कारण या माळावर काय जगतं ते तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. ती बाग आजही आहे. बाहेरून पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते.

पण खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न लसणाबद्दल नसतोच. तो वालाबद्दल असतो.

इथे आले तेव्हा मी रुबार्ब, म्हणजे इथली आंबट देठांची भाजी, लावणाऱ्या आपल्या मंडळींवर मनातून चिडायचे. घरी जे कोणी खाल्लं नाही ते लावायचं, याचा अर्थ घर सोडून दिलं, असं मला वाटायचं. मी वाल लावला. वेल मांडवभर पसरला, पानं हिरवीगार, फूल एकही नाही. आपल्याकडे भातकापणी झाली की वाल पेरतात, दिवस लहान होत जातात आणि त्या लहान दिवसांत तो फुलतो. इथे जूनमध्ये साडेसोळा तास उजेड. दिवस वालाच्या मनासारखे लहान होईतो सप्टेंबर उजाडतो आणि एका रात्रीच्या हिमाने वेल काळा पडतो. म्हणून मग मोठ्या कुंड्या घेतल्या. रोज संध्याकाळी सहाला त्या ओढत गॅरेजच्या अंधारात न्यायच्या, सकाळी सातला बाहेर. तुमच्यापैकी काहींनी हे पाहिलंय आणि त्यावरच ‘कशाला’ सर्वांत जोरात आलं आहे.

2024 च्या ऑगस्टची पाच तारीख, सोमवार, सुट्टीचा दिवस. आम्ही शहराच्या उत्तरेला राहतो. टोमॅटो लालीवर येत होते, घेवडा तोडणीला आला होता, भोपळ्याची पानं कुंपणाबाहेर गेली होती. संध्याकाळी पश्चिमेचं आभाळ हिरवट झालं. इथे हिरवं आभाळ दिसलं की बाया जुन्या चादरी घेऊन धावतात; मीही धावले. दोन वाफे झाकले आणि पहिली गार खांद्यावर बसली. मागोमाग अंड्याएवढ्या पडू लागल्या. नवऱ्याने दंडाला धरून आत ओढलं. खिडकीपासून लांब, जिन्याखाली आम्ही उभे. आवाज इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. थांबलं तेव्हा बाहेर गेले तर चादरी फाटून मातीत रुतल्या होत्या. टोमॅटोची खोडं उभी सोललेली, भोपळ्याचे नुसते देठ. साऱ्या आवारात चिरलेल्या पानांचा हिरवा, कच्चा वास. त्या वासानेच मला रडू आलं, अजूनही हिरवळ कापताना तो आला की घशात दाटतं. शहरात विम्याचं नुकसान अडीच अब्ज डॉलरांच्या वर गेलं. आमचंही छप्पर, भिंतीचे पत्रे, गाडी सगळं मोजलं गेलं. बाग कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

त्या रात्री दादाचा फोन आला आणि बोलता बोलता त्यानेही विचारलं, ‘मग करतेस कशाला गो?’

तेव्हा मी त्याला बोलले ते आज तुम्हालाही सांगते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनची आमची वाडी आडवी केली. रोठा जातीच्या सुपारीची आजोबांनी लावलेली झाडं मधोमध मोडून पडली. त्यानंतर दहाच दिवसांत कॅलगरीच्या ईशान्येला गारांनी घरं फोडली. त्या महिन्यात दादाला कोणी ‘कशाला’ विचारलं नाही. सगळ्यांनी ‘परत कधी लावणार’ एवढंच विचारलं, आणि सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात हे ठाऊक असून विचारलं. वादळात गेलेली वाडी पुन्हा उभी करणं शहाणपणाचं आणि गारांत गेलेली बाग पुन्हा लावणं वेडेपणाचं, हे कोणी ठरवलं?

दादा शांतपणे म्हणाला, ‘माझं पोट त्यावर आहे.’ याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. माझं पोट बागेवर नाही. गारा पडल्या म्हणून आमचा महिना अडला नाही. ही तुलना करण्याचा हक्क मला किती, याचा विचार मी पुष्कळदा करते आणि तरीही ती मागे घ्यावीशी वाटत नाही.

वालाच्या कुंड्या गॅरेजमध्ये होत्या, कारण सहा वाजून गेले होते. त्या वाचल्या. सप्टेंबरात शेंगा आल्या, एका वेळची भाजी झाली. यावरून मी बरोबर होते असं म्हणवत नाही. उघड्यावरचं जे गेलं ते भाजीच्या एका वाटीने भरून येत नाही. त्याच वर्षी रुबार्ब मात्र पंधरवड्यात नव्या पानांनी वर आला. ज्याला घर सोडणं म्हणत होते तेच झाड या मातीत सर्वांत घट्ट धरून होतं. माझ्यातली ती जुनी बाई अजून म्हणते, ‘पण तू ते खातेस का?’ खाते, साखरांबा करून. ती म्हणते, ‘आणि आईला पाठवशील का?’ इथे मी गप्प होते.

दादाचं मत आहे की वाल सोड, हॅस्कॅपच्या आणखी दोन रांगा लाव. नवऱ्याचंही तेच. गारांसाठी जाळीचा मांडव करायचा ठरलाय, लसूण ऑक्टोबरातच लावून झाला. वालाचं अजून ठरलेलं नाही. बी दादाकडून मागवलंय.