निशाणी 47 मधला त

पत्र सतरा ओळींचं. निळं आंतरदेशीय, 1983 सालचं, जुन्नरहून दादरला धाडलेलं, पुतण्याने काकांना लिहिलेलं. भाषांतराला मला अर्धा तास लागला असेल, तोही चहा धरून. दीड महिन्याने त्यातल्या एका शब्दापायी मला पुण्याहून डेक्कन क्वीन पकडून फोर्टातल्या एका वकिलांच्या चेंबरमध्ये अख्खा दिवस बसावं लागलं.

कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करणं हा माझा धंदा. खालच्या कोर्टात मराठी कागद तसाच चालतो. अपील उच्च न्यायालयात गेलं की राज्यघटनेच्या 348 व्या अनुच्छेदाप्रमाणे तिथलं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे फेरफार, बक्षीसपत्रं, पंचनामे, जबाब, सगळं आमच्यासारख्यांकडे येतं. बहुतेक काम रटाळ असतं. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याची भिंत, दक्षिणेस सामाईक बोळ. चतुःसीमा तर मी झोपेतही इंग्रजीत सांगेन.

हे प्रकरण एका वाड्याचं होतं. काकांच्या वंशजांचं म्हणणं, 1983 मध्ये तोंडी वाटणी झाली, मागचा भाग आमच्याकडे आला, पुतण्याने राजीखुशीने खोल्या सोडल्या. पुतण्याच्या मुलांचं म्हणणं, कसली वाटणी? काका घरातले थोरले, त्यांनी फर्मावलं आणि आमच्या वडिलांनी मान खाली घालून ऐकलं. काका आणि पुतण्या दोघंही आता नाहीत. त्या काळातला हाताने लिहिलेला एकच कागद उरला, ते पत्र, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतली निशाणी 47. आणि त्यातलं एकच वाक्य कामाचं:

‘आपण ठरवले त्याप्रमाणे मागील चौकाकडील तीन खोल्या रिकाम्या करून दिल्या आहेत.’

मी लिहिलं होतं, ‘ॲज वी हॅड डिसायडेड’. आपल्या दोघांचं ठरलं होतं तसं. मला काम दिलं होतं काकांच्या बाजूने. समोरच्या बाजूने मग स्वतःचं भाषांतर दाखल केलं, ‘ॲज यू हॅड डिसायडेड’, म्हणजे तुम्ही ठरवलंत तसं, आणि सोबत एक अर्ज, की अपिलकर्त्यांच्या भाषांतरकाराने मजकूर आपल्या पक्षकाराकडे झुकवला आहे. एकोणीस वर्षं हे काम करतेय, ‘झुकवला’ हा शब्द माझ्याबद्दल कुणी लिहिला नव्हता. रागाने मी पत्र पुन्हा वाचायला घेतलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना राग उतरून पोटात गोळा आला. त्यांचंही बरोबर होतं.

चेंबरमधल्या वकीलसाहेबांना मात्र यात वादाचं काही दिसत नव्हतं. ‘मॅडम, तुम्ही फक्त एक प्रतिज्ञापत्र द्या, की इथे आपण म्हणजे वी, दुसरा अर्थ होत नाही. शाळेतलं पोरही सांगेल, आपण म्हणजे आपण.’

‘आणि आपण बसावं, असं म्हणतो तेव्हा?’

ते थांबले. चेंबरमध्ये सगळे जरा हसले.

हसण्यासारखंच आहे. मराठीत बोलणारा आणि ऐकणारा मिळून ‘आपण’, ऐकणाऱ्याला वगळलं तर ‘आम्ही’. एवढं प्रत्येक मराठी माणसाला न शिकवता येतं, आणि इंग्रजीच्या ‘वी’ला ते जमत नाही याचा आपल्याला थोडा तोराही असतो. पण हाच ‘आपण’ समोरच्याला मान द्यायला ‘तुम्ही’च्या जागीही बसतो. मूळ शब्द संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृतातून आलेला, अर्थ ‘स्वतः’. ‘तो आपण होऊन आला’ यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. आणि मुंबईच्या नाक्यावर ‘आपण नाय घाबरत कुणाला’ म्हणणारा तर फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. एका शब्दात मी, आपण दोघं, तुम्ही आणि स्वतः.

तरी रोजच्या बोलण्यात आपण अडखळत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेतं. आपण ठरवू, म्हणजे दोघं. आपण ठरवाल, म्हणजे तुम्ही. आपण गेलो, आपण गेलात, तिथेही शंका नाही. घोटाळा होतो तो भूतकाळात आणि सकर्मक क्रियापदात. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. खाणारा पुरुष की बाई, एक की दहा, क्रियापद बघत नाही. ते ताटाकडे बघतं. कर्मणी प्रयोग म्हणून शाळेत पाच मार्कांना घोकलेली ही गोष्ट. ‘त्यांनी’ म्हणताना निदान ‘नी’ लागतो, मी-तू-आम्ही-आपण यांना तोही नाही. म्हणजे ‘आपण ठरवले’ मध्ये सर्वनाम दोन्हीकडचं आणि क्रियापद मुकं. पुतण्याने ‘आपण बसून बोललो’ लिहिलं असतं तर कदाचित ही सतरा ओळींची चिठ्ठी कोर्टाच्या फायलीत पडून राहिली असती आणि कुणी तिच्याकडे पाहिलंही नसतं.

कोपऱ्यात साहेबांचा ज्युनिअर बसला होता. सोलापूरचा मुलगा, विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. तो म्हणाला, ‘आमच्याकडे असं होऊच शकत नाही. मनम म्हणजे आपण, मेमु म्हणजे आम्ही, मीरु म्हणजे तुम्ही. मनम निर्णयिंचाम, मीरु निर्णयिंचारु. सर्वनाम खाऊन टाकलं तरी शेपटीवरून कळतं.’ तेलुगूत भूतकाळातही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, कर्माचं नाही. आम्ही-आपण हा भेद मराठीत आणि तेलुगूत दोन्हीकडे, पण त्यांनी शेपूट सांभाळली.

मग काय, चेंबरभर खेळच सुरू झाला. स्टेनो गुजराती. ती म्हणाली, आमच्यात ‘आपणे’ म्हणजे दोघं, ‘अमे’ म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही, आणि मान द्यायला ‘आप’ वेगळा. सर, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दुसरा अर्थ सुचलाच नाही, असंही ती म्हणाली. फायली बांधणारा पोरगा जौनपूरचा. त्याला मराठी वाक्य वाचून दाखवलं तर तो लगेच, ‘आपने तय किया, और क्या?’ त्याच्या कानाला ‘आपण’ म्हणजे ‘आप’च. प्रत्येकाने आपापल्या घरच्या भाषेतून ते वाक्य ऐकलं आणि प्रत्येकाला खात्री होती. साहेबांचा चेहरा मात्र उतरत चालला होता, कारण समोरच्या वकिलाने हा खेळ कोर्टात केला असता तर?

मला सगळ्यात विचित्र वाटली ती वेगळीच गोष्ट. हे पत्र खालच्या कोर्टात वाचलं गेलं होतं, त्यावर उलटतपासही झाला होता, निकालात उल्लेख होता. दोन्ही बाजूंचे वकील मराठी, न्यायाधीश मराठी. दोघांनी ते आपापल्या अर्थाने वाचलं आणि कुणाला काही खटकलं नाही, कारण मराठीत ते वाक्य उच्चारायला अर्थ निवडावा लागत नाही. इंग्रजीने पहिल्यांदा विचारलं, कोण? आणि उत्तर मी दिलं होतं, चहा पिता पिता.

‘मॅडम, पण त कुठे गेला?’ ज्युनिअरने विचारलं. तो दोन वर्षं एमपीएससीच्या मागे होता, मग वकिलीकडे वळला. ‘कर्तृकर्मसंकर!’ म्हणाला, आणि मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत याचं ठरलेलं उदाहरण असतं, ‘तू मला पुस्तक दिलेस’. ‘दिले’ हे पुस्तकाप्रमाणे, पण शेवटचा स हा ‘तू’मुळे. क्रियापद कर्माच्या मागे गेलेलं असतानाही शेवटी मान वळवून कर्त्याकडे एकदा बघतं. ‘तू’ असेल तर स, ‘तुम्ही’ असेल तर त. तुम्ही ठरवलेत. मानाच्या ‘आपण’लाही तोच त: आपण ठरवलेत. तो पत्रात नव्हता. म्हणजे ‘आपण दोघांनी’?

इतकं सोपं नाही. बोलताना पुष्कळ जण हा त सोडतात, ‘तुम्ही काय ठरवलं?’ असंच विचारतात. सरकारी पत्रांत तर ‘आपण अर्ज सादर केला’, ‘आपण कळविले आहे की’, त चा पत्ताच नसतो. तेव्हा मराठी भाषा काय करते हा प्रश्न बाजूला ठेवून जुन्नरचा हा एक माणूस काय करत होता ते बघायला हवं होतं. सतरा ओळी टेबलावर ठेवल्या आणि एकेक क्रियापदाखाली आम्ही पेन्सिलीने रेघ ओढत गेलो.

सुरुवात नेहमीची: ती. काकांस सा. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवीत जावे. म्हणजे काकांना हा माणूस ‘आपण’ म्हणतो. मग, ‘आपण पाठविलेत ते पाचशे रुपये पोचले.’ त आहे. मग ते वाक्य. मग, ‘आम्ही दोघांनी सामान पुढच्या सोप्यात हलविले.’ काका त्यात नव्हते, म्हणून ‘आम्ही’. हा माणूस भेद नीट पाळतो. पुढे, ‘आपण संक्रांतीला आलात तेव्हा छप्पर पाहिलेतच.’ दोनदा त. आणि शेवटी, ‘पुढचे आपण समक्ष बोलू.’ हा ‘आपण’ दोघांचा. एकाच पत्रात दोन्ही अर्थ, आणि काकांबद्दल बोलताना तीनपैकी तीनदा त.

साहेब खुर्चीतून उठले. ‘झालं तर मग! वी.’

मी म्हटलं, थांबा, ते वाक्य मोठ्याने वाचा. ‘आपण ठरवले त्याप्रमाणे.’ आता त घालून वाचा. ‘आपण ठरवलेत त्याप्रमाणे.’ दोन त एकमेकांना चिकटतात. घाईत लिहिणाऱ्याचा एक त दुसऱ्याने गिळणं अगदी सहज शक्य आहे. हस्तलिखितं वाचणाऱ्यांना ही चूक पाठ असते.

ज्युनिअर लगेच, ‘पण पाठविलेत ते! तिथेही पुढे त च आहे. तिथे नाही गिळला.’

बरोबर होतं, आणि मला ते आधी दिसलं नव्हतं. मी क्षणभर ‘वी’कडे झुकलेही. पण मग दुसरं दिसलं. पाठविलेत, हलविले. हा माणूस शाळेत शिकवल्यासारखं ‘वि’ घालून लिहितो. त्या एका वाक्यात मात्र ‘ठरविले’ नाही, ‘ठरवले’. त्या ओळीपुरता तो लिहायच्या भाषेतून बोलायच्या भाषेत घसरला होता, आणि बोलण्यात तर त सुटतोच. मग मूळ पत्राचा फोटो मागवला. खालच्या कोर्टात कागदपत्रं पाहायची परवानगी काढून तिथल्या वकिलांनी तो दुपारी तीनला पाठवला. घडी त्या ओळीच्या बोटभर खालून गेली होती. अक्षर स्वच्छ. ‘ले’ आणि ‘त्या’ यांच्यामध्ये नेहमीएवढी जागा, खोडलेलं काही नाही, पुसलेलं काही नाही. त कधी नव्हताच. का नव्हता ते सांगणारा माणूसही नव्हता.

साडेतीनला साहेबांनी स्पष्ट विचारलं, ‘मग प्रतिज्ञापत्र?’

मी म्हटलं, ‘वीच’ असं शपथेवर नाही लिहिणार. त्यांनी मधला मार्ग काढला, ‘ॲज वॉज डिसायडेड’ करा, ठरल्याप्रमाणे, कुणी ठरवलं ते नकोच. दिसायला ते निरुपद्रवी आहे. पण पत्रात कर्ता आहे, ठळकपणे आहे, आणि भांडण नेमकं त्याच्यावर आहे. लिहिलेला कर्ता मी पुसून टाकला तर मग खरंच झुकवल्यासारखं होईल.

शेवटी मी दुरुस्त भाषांतर दिलं. ‘आपण’ तसाच ठेवला, इंग्रजी अक्षरांत, आणि खाली पाऊण पानाची टीप: हे सर्वनाम दोन अर्थांनी वापरलं जातं, क्रियापदाच्या रूपावरून इथे निर्णय होत नाही, याच पत्रात इतरत्र अशी अशी रूपं आहेत, माझ्या पहिल्या भाषांतरात यातला एकच अर्थ दिला गेला, ती माझी चूक. तेलुगू-गुजराती काही घातलं नाही, मोह झाला तरी. ज्युनिअरची पाठविलेत-ची नोंद घातली, ठरवले-ठरविले-ची माझीही घातली. साहेबांनी वाचून टीप टेबलावर ठेवली. ‘माझ्या पक्षकाराच्या पैशाने समोरच्याला अर्धा वाडा दिलात तुम्ही.’ ‘दिलात’मधला त त्यांनी फार स्वच्छ उच्चारला.

तरी सही केली आणि दाखल केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्या कामासाठी त्यांनी मला अजून तरी बोलावलेलं नाही. अपील पडून आहे.

परतीच्या गाडीत कर्जत गेल्यावर लॅपटॉप उघडला. जुन्या भाषांतरांच्या फायली वर्षवार लावलेल्या आहेत. मूळ कागद सगळे स्कॅन, त्यात शब्द शोधता येत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत चार पत्रं पाहिली, चारही सुरक्षित: आलात, कळवाल, जाऊ, भेटू. पाचवं एका भागीदारी पेढीचं होतं, 2016 ची फाईल. ‘आपण मान्य केला तो हिशेब सोबत जोडला आहे.’ मी ‘यू’ लिहिलं होतं. पुढे-मागे सगळं वाचलं. त्या वाक्यात त नव्हता, पण त्या माणसाने तो पत्रभर कुठेच वापरला नव्हता.

त्या प्रकरणाच्या वकिलांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. सकाळी दहाच्या आत उचलत नाहीत.