तुम्ही विचारलंत म्हणून: शिकलेलं तंत्र वर्षांनंतरही अंगात कसं राहतं?

कराटे शिकणारे मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच: "सर, वर्गात जमतं, ग्रेडिंगच्या परीक्षेतही जमतं. पण दोन-तीन महिन्यांनी तोच काता करायला उभं राहिलं की मध्येच अडकायला होतं. किती वेळा केलं म्हणजे कायमचं लक्षात राहील?" (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका.)

किती वेळा केलं याला मी फारशी किंमत देत नाही. दोन सरावांमध्ये अंतर किती पडलं, आणि त्या अंतरानंतर कुणाकडेही न बघता ते तंत्र तुमचं तुम्ही आठवून केलंत का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वर्गात काय होतं ते आठवा. शिक्षक समोर, मोजणी चालू, शेजारचे सगळे तीच किक मारताहेत. शेवटच्या किका पहिल्यांपेक्षा छान बसतात आणि आपल्याला वाटतं, आली! पण या सगळ्यात आठवण्याचं काम आपल्याला करावंच लागलेलं नसतं. पुढची हालचाल समोरून किंवा शेजारून मिळत होती. महिन्याभराने एकटे उभे राहता, तेव्हा नेमकं तेच काम करायचं असतं आणि त्याचा सराव शून्य असतो.

यावर फार चांगले प्रयोग झालेले आहेत. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी १९७८ साली ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या टायपिंग प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास कमी लागले; दोन-दोन तासांची दोन सत्रं करणाऱ्यांना जास्त. आणि गंमत म्हणजे रोज तासभर शिकणारेच आपल्या वेळापत्रकावर सर्वात नाखूश होते. म्हणूनच मी सांगतो, सराव कसा झाला हे त्या दिवशीच्या समाधानावरून ठरवू नका. रविवारी सलग तीन तास घाम गाळण्यापेक्षा तोच वेळ आठवडाभर वाटून घ्या.

दुसरा प्रयोग शे आणि मॉर्गन यांचा, १९७९ चा. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने झटपट पाडायचे, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने एक क्रम घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. शिकताना पहिला गट वेगवान होता. दहा दिवसांनी पाहिलं तेव्हा मिसळून करणारे पुढे होते. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे: माए गेरी (समोरची किक), मावाशी गेरी (गोलाकार किक) आणि योको गेरी (बाजूची किक) यांचे वेगवेगळे गठ्ठे न करता त्या उलटसुलट मारा, दर वेळी नव्याने ठरवून. मात्र ज्याला किकचा आकारच अजून सापडलेला नाही, त्याने आधी एकच धरून बसावं. चुकीचा आकार मिसळून काय होणार?

काताची गोष्ट थोडी निराळी आहे. किक स्वतः सहसा विसरत नाही. वेग आणि ताकद कमी होईल, पण शरीराला ती ओळखीची राहते. हरवतो तो क्रम. आणि क्रम तुटतो तो ठरलेल्या जागी, जिथे दोन काता एकसारखे होतात. हेआन मालिकेतले पाच काता कराटेगुरू इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांसाठी बसवले. त्यांत साम्य असणारच. शोतोकान या कराटेच्या शैलीतले हेआन निदान आणि हेआन योंदान घ्या. दोन्हींत डावीकडे कोकुत्सु दाचीत (वजन मागच्या पायावर ठेवून उभं राहण्याच्या पवित्र्यात) जाऊन दोन्ही हात एकदम वर येतात. निदानमध्ये मुठी बंद आणि गती जलद, योंदानमध्ये हात उघडे आणि संथ. माझे विद्यार्थी सर्वात जास्त घसरतात ते इथेच. अशा वेळी अख्खा काता पुन्हा पुन्हा करून उपयोग नसतो. ती दोन वळणं शेजारीशेजारी ठेवा, एकदा हे, एकदा ते, आणि त्या प्रत्येकाचा बुंकाई, म्हणजे त्या हालचालीचा लढतीतला प्रत्यक्ष वापर, जोडीदाराबरोबर करा. हात का उघडा आहे हे कळलं की तो उघडा ठेवायचं लक्षात राहतं.

आणखी एक सवय मी आग्रहाने लावतो. काता मधूनच सुरू करा. नेहमी पहिल्यापासून केल्यामुळे सुरुवात घट्ट बसते आणि शेवटचा तिसरा भाग कायम कच्चा राहतो. तोंडही दर वेळी वेगळ्या भिंतीकडे करा. पुष्कळांचा काता खिडकीच्या आधाराने चाललेला असतो, दिशा बदलली की कळतं.

तंत्राचं जपानी नाव आठवलं नाही म्हणून घाबरू नका. नाव आणि हालचाल यांची स्मृती वेगवेगळी असते. अनेकदा नाव गेलेलं असतं आणि शरीर बिनचूक चालतं.

मोठा खंड पडला असेल तर? तरी सगळं पुसलेलं नसतं. स्मृतीचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. तेव्हा परतलात की लगेच व्हिडिओ उघडू नका. आधी जेवढं येतं तेवढं करा, अडलात तिथे थोडं थांबा, शरीराला शोधू द्या. नाहीच सापडलं तर फक्त तेवढी हालचाल बघा, व्हिडिओ बंद करा आणि तिच्या चार पावलं आधीपासून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या दिवशी तोच काता न बघता करा, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. जिथे पुन्हा अडाल, तिथलं अंतर कमी करा.