खालच्या माणसांचं काय?

गोवा मुक्तिदिनाला शाळेत बोलायला गेलो की एक हात वर होतोच: ‘सर, बॉम्ब टाकताना खालच्या माणसांचं काय वाटायचं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्या वेळी काहीच वाटायचं नाही.

१९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्धात, मी कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होतो, वय २४. मी वर डाव्या बाजूला, काचेच्या घुमटाखाली. नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारा जोडीदार, खाली, बॉम्ब टाकायच्या वेळी विमानाच्या नाकात पालथा. अंधारात अगदी खालून जायचं, लक्ष्याजवळ झपकन वर चढायचं. मग कानात त्याचा आवाज: ‘लेफ्ट, लेफ्ट... स्टेडी.’ बटण त्याच्या हातात, विमान सरळ ठेवणं माझ्या. हजार पौंडी बॉम्ब सुटले की विमान आपसूक उचललं जायचं. सुटलो, आता घरी! तो चक्क आनंद असायचा. काळजी वाटायची ती नॅव्हिगेटरची, कारण संकटात विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट मला होती, त्याला नव्हती. शिवाय ओळखीचा चेहरा तेवढाच.

परतल्यावर विचारायचे, बॉम्ब धावपट्टीवर पडले का? माणसांचं आम्हाला कुणी विचारलं नाही.

आणि मी तर खालचाही आहे. १८ डिसेंबर १९६१ ला मी चिखलीत आजोळी होतो. शेजारच्या, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दाबोळी विमानतळावर पहिल्याच फेरीत भारताची १२ विमानं आली, तीही कॅनबेराच. ६३ हजार पौंडांचे बॉम्ब पडले. शिंपल्यांच्या खिडक्या खडखडल्या, फळीवरची भांडी खाली आली. आजी देवघरातून उठेचना. धावपट्टी फोडा, इमारतींना धक्का नको, असा मोहिमेतल्या आपल्या हवाई दलाचे प्रमुख एर्लिक पिंटो यांचा हुकूम होता म्हणे. आजीला ते कोण सांगणार?

आमच्यातले पुष्कळजण म्हणतात, ‘आपण फक्त धावपट्टी फोडली.’ पण दाबोळीची पट्टी त्याच रात्री घाईघाईनं बुजवली गेली आणि दोन पोर्तुगीज विमानं तिच्यावरूनच कराचीला निसटली. म्हणजे कुणीतरी घमेली घेऊन तिथं उतरलं होतंच ना? १९७१ मध्ये पलीकडे पाकिस्तानातही असणार. पहिले बॉम्ब पडून गेल्यावर खड्डे भरायला आलेल्या गड्यांवर पुढची फेरी यायची, आणि पुढच्या फेरीत कधी कधी मी असायचो.

मग पोरं पश्चात्तापाचं विचारतात. नाही. पुन्हा हुकूम आला असता तर पुन्हा गेलो असतो. पण मैदान रिकामं होतं, असं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका.