हिलरी 38, ओबामा 33, आणि अण्णांचा ठराव

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली काढली तर त्यात माझी 2008 ची डायरी निघाली, कुठल्यातरी पतसंस्थेनं वाटलेली ती जाड लाल डायरी, कोल्हापुरात प्रत्येक घरात असतेच. मी तेव्हा शिवाजी विद्यापीठात एमेला होतो आणि मला अमेरिकेच्या निवडणुकीचं जाम वेड लागलं होतं. म्हणजे अजून खरी निवडणूक पण नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायची प्रायमरी. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासातासाचे पैसे मोजून मी ते सगळं वाचत बसायचो आणि घरी येऊन डायरीत मार्क द्यायचो.

तर त्या तक्त्यात तीन नावं. हिलरी क्लिंटन, बराक ओबामा, जॉन एडवर्ड्स. पाच विषय, प्रत्येकी 10 मार्क. अनुभवात हिलरीला 9, एडवर्ड्सला 6, ओबामाला 4, कारण गडी 2005 ला सिनेटमध्ये आलेला, तीन वर्षात लगेच राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाला. भाषणात मात्र ओबामाला 10 पैकी 10. मग पैसा, संघटना, आणि शेवटी 'नोव्हेंबरात टिकणार का', म्हणजे खऱ्या निवडणुकीत. बेरीज हिलरी 38, ओबामा 33, एडवर्ड्स 29. खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, हिलरी फिक्स. आत्ता वाचताना एकट्यालाच हसू आलं.

त्यातलं एडवर्ड्सचं लवकर संपवतो. 2004 ला उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, गिरणी कामगाराचा पोरगा, गरिबीवर बोलायचा, मला मनापासून आवडायचा. त्यानं सगळा जोर आयोवावर, म्हणजे सगळ्यात आधी मत झालेल्या राज्यावर लावला आणि तिथं आला दुसरा. ओबामा 38 टक्के, हा 30, हिलरी 29. जानेवारी संपायच्या आत गाशा गुंडाळला. पुढं ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःचं बाहेरचं प्रकरण कबूल केलं, म्हणजे 'नोव्हेंबरात टिकणार का' मध्ये मी दिलेले 6 मार्क कुठं गेले बघा.

आयोवाचा निकाल आपल्याकडं 4 जानेवारीला सकाळी आला. अण्णा, म्हणजे माझे चुलते, गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, त्या दिवशी कामासाठी कोल्हापुरात आले होते आणि आमच्याकडंच उतरलेले. मी टीव्हीसमोर, हातात डायरी. त्यांनी चहा पीत पीत तक्ता बघितला आणि विचारलं, "ह्ये मार्क राहू देत. मत कोण देतंय?"

मी सांगितलं, अण्णा तिथं आयोवात कॉकस असतो, लोक संध्याकाळी शाळेत नाहीतर हॉलमध्ये जमतात, ज्याच्या त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, मग मुंडकी मोजतात, आणि ज्याच्याकडं 15 टक्के पण नाहीत त्याची माणसं दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकतात.

"म्हंजे ग्रामसभाच की. आणि निवडून कोण जातंय त्यातनं?"

"डेलिगेट. ते पुढं पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवारासाठी मत देतात."

"ठराव म्हण की सरळ."

आता कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत दूध घालणारा शेतकरी थेट मत देत नाही. गावातली प्रत्येक संस्था ठराव करून एक माणूस पाठवते आणि तो मत देतो. संस्था दिवसाला शंभर लिटरची असो नाहीतर पाच हजार लिटरची, ठराव एकच. त्यामुळं आमच्याकडं 'हवा कुणाची' असं विचारणारा माणूस नवखा समजला जातो, जाणता माणूस विचारतो ठराव किती आणि कुणाकडं. या संघाच्या, म्हणजे गोकुळच्या, 2021 च्या निवडणुकीत विरोधी आघाडीनं 21 पैकी 17 जागा काढून सत्ता पालटली तेव्हा पण महिनाभर चौकाचौकात हाच हिशोब चालला होता. (कोल्हापूरचा म्हटल्यावर आता खासबागेतल्या कुस्तीचं उदाहरण येणार असं वाटलं असेल, तर नाही येणार, आमच्यात खरी कुस्ती दुधाचीच.)

तर माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. उमेदवार किती दमाचा ते मी मोजत होतो पण ताकद कुठल्या मापानं मोजली जाणार आहे ते बघितलंच नाही. 5 फेब्रुवारीच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे बऱ्याच राज्यात एकाच दिवशी मत असतं त्या मंगळवारी, हिलरीनं कॅलिफोर्निया घेतलं, न्यूयॉर्क घेतलं, न्यू जर्सी घेतलं, आणि माझा न्यू जर्सीतला मामेभाऊ, ज्याला स्वतःला मत नव्हतं पण मतं भरपूर होती, फोनवर नुसता नाचत होता. पण डेमोक्रॅट लोकांच्यात जिंकला त्याला सगळं असं नसतं, मतांच्या प्रमाणात डेलिगेट वाटतात. न्यू जर्सीत तिला 59, त्याला 48, फायदा 11 चा. त्याच दिवशी आयडाहो नावाच्या राज्यात कॉकस झाला, तिथं ओबामाच्या माणसांनी आधीपासून जाऊन बांधणी केलेली, त्याला 15 आणि तिला 3. फायदा 12 चा. अख्ख्या न्यू जर्सीपेक्षा आयडाहो जड! संघटनेत मी ओबामाला दिलेले मार्क, 5.

अण्णांना फोनवर हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल नाही. "करवीरात घासून आल्यापेक्षा गगनबावड्यात एकगठ्ठा आलेलं बरं," एवढंच. (करवीर आमच्यातला मोठा तालुका, गगनबावडा बारका.)

पैशाच्या रकान्यात पण मी गंडलोच होतो. ओबामानं त्या एका जानेवारीत 3 कोटी 20 लाखांहून जास्त डॉलर जमवले, त्यात लहान लहान देणगीवाले किती तरी, आणि हिलरीला स्वतःच्या खिशातनं 50 लाख डॉलर प्रचाराला उसने द्यावे लागले. अनुभवाचे 9 मार्क तर सगळ्यात वाईट. त्या अनुभवातच 2002 चं इराक युद्धाच्या बाजूनं दिलेलं मत होतं, आणि ओबामा तेव्हा सिनेटमध्येच नव्हता, शिकागोत युद्धाच्या विरोधात भाषण करून मोकळा. ज्याला मी तिची ताकद म्हणत होतो तीच तिला आडवी आली.

तरी बाई हटली नाही हां. ओहायो घेतलं, पेनसिल्व्हेनिया घेतलं. टेक्सासात प्रायमरी तिनं जिंकली आणि डेलिगेट त्याला जास्त, कारण त्याच रात्री तिथं कॉकस पण होता. दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास मतं. 7 जूनला ती थांबली.

सुपरडेलिगेटचं पण अण्णांना सांगितलं होतं, पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी असे जवळपास 800 जण, डेलिगेट म्हणून कुणी निवडून दिलेलं नाही, तेव्हा वाटेल त्याला मत देऊ शकायचे. "म्हंजे तालुक्याचं नेतं. ती शेवटपर्यंत कुंपणावर बसणार आणि कोण जिंकतंय दिसलं की उडी मारणार." झालं पण बरचसं तसंच.

परवा डायरी घेऊन गावाला गेलो. अण्णा आता थकलेत, ऐकायला कमी येतं, पण मार्क बघून हसले आणि म्हणाले, "त्ये बारकं राज्य कंचं रं?"

"आयडाहो."

"तिथं दूध किती निघतंय?"

काय बोलणार. मोबाईलवर शोधलं, तर आयडाहो दुधात अमेरिकेतल्या पहिल्या पाच राज्यात येतं. सांगितलं तसं अण्णा म्हणाले, "मग त्याला बारकं का म्हणतोस?"