चिपाडाच्या धुळीनंतर

आईनं मला किडनी दिली त्याला सहा महिने झाले होते. जानेवारी म्हणजे आमच्याकडं गुऱ्हाळाचा हंगाम. नुसतं बसून येतो म्हणून शेतावर गेलो आणि चुलवाणात घालायची वाळकी चिपाडं उपसत होते तिथं तासभर उभा राहिलो. मास्क खिशात होता. तीन आठवड्यांनी ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला.

कोल्हापुरातच एका डॉक्टरांनी एक्सरे बघून टीबी म्हटलं, त्याच दिवशी गोळ्या लिहून दिल्या. आई म्हणाली, "आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन लाव." त्यांनी गोळ्या थांबवल्या. टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधानं रक्तातलं टॅक्रोलिमस, म्हणजे नवी किडनी टिकवणारं माझं रोजचं औषध, झपकन उतरतं, आणि टॅक्रो उतरलं की शरीर नवी किडनी नाकारू शकतं.

सीटीत फुप्फुसात गाठी दिसल्या. दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेलं पाणी तपासलं, गॅलॅक्टोमॅनन ही बुरशीची खूण पॉझिटिव्ह आली. अ‍ॅस्परजिलस. ही बुरशी कुजक्या पाल्यात, चिपाडाच्या ढिगात असतेच. गडी रोज त्याच धुळीत राबतात, त्यांना काही झालं नाही. माझी प्रतिकारशक्ती मात्र औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली.

बुरशीवरचं व्होरिकोनाझोल सुरू झालं आणि खरी कसरत इथून पुढं. टॅक्रो मोडणारं यकृतातलं एन्झाइम हे औषध अडवतं, म्हणून पहिल्याच दिवशी टॅक्रोचा डोस एक तृतीयांशावर आणला. तरी पाचव्या दिवशी चहाचा कप हातात थरथरायला लागला. रक्तातली टॅक्रोची लेव्हल १६, म्हणजे फार चढलेली; किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन १.१ वरून १.८. डोस आणखी उतरवला. मग आठवड्यातून दोनदा, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त. व्होरिकोनाझोलचीही लेव्हल बघायची, ती १ ते ५.५ मध्ये हवी. त्या गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर पोटात काही नाही. आई घड्याळासमोर बसायची.

गोळीनंतर उजेड लखलखायचा, रंग बदलायचे. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री मी डोळे गेले म्हणून रडलो. थोड्या वेळानं ते आपोआप निवळतं. उन्हात कातडी भाजायची, म्हणून बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि छत्री.

चार महिन्यांनी सीटी स्वच्छ आला, व्होरिकोनाझोल बंद झालं. घरी पेढे आणले. पण अडसर निघाला की टॅक्रो पुन्हा भराभर मोडायला लागतं, लेव्हल कोसळते. म्हणून डोस पायरीपायरीनं वर, आणि परत दर तीन दिवसांनी सुई. औषध बंद झालेल्या माणसानं हे पाच-सहा आठवडे ढिलाईनं काढू नयेत, एवढं मी कळवळून सांगतो.

परवा टॅक्रोची लेव्हल ७ आली. आईनं वहीत तारखेसह लिहून ठेवली.